काळे वाघ : कौतुकाचे की काळजीचे?

ओडिशातील सिमलीपाल व्याघ्र प्रकल्पातल्या काळ्या वाघांची छायाचित्रे अधूनमधून समाजमाध्यमांवर झळकतात आणि वाहवा मिळवतात. जानेवारी २०२४मध्ये तेथील तत्कालीन सरकारने या वाघांसाठी स्वतंत्र सफारी उभारण्याची घोषणाही केली. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या ताडोबातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमलीपालला नेण्यात आल्या. तेथील वाघांत नवे रक्त मिसळावे, हा हेतू. ज्या रंगाचे पर्यटनासाठी कौतुक होते, तो रंग इतका वाढला त्याच कारणावर हा उपाय आहे. ही विसंगती वाघ मोजून कळत नाही. त्यांची नाती तपासावी लागतात.

वाघ काळे का झाले?

हे वाघ पूर्ण काळे नसतात. त्यांचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळतात आणि मधला पिवळा रंग झाकला जातो. बंगळुरूच्या ‘नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस’मधील उमा रामकृष्णन, विनय सागर आणि सहकाऱ्यांनी २०२१मध्ये याचे कारण शोधले : ‘टॅकपेप’ या जनुकातील एका अक्षराचा बदल. तो आई आणि बाप या दोघांकडून आला, तरच पिल्लू काळे होते. (याच जनुकातील वेगळ्या बदलांमुळे घरातल्या काही मांजरांच्या अंगावर पट्ट्यांऐवजी भोवऱ्यांसारखी नक्षी उमटते.) देशातल्या इतर जंगलांतील ज्या वाघांची तपासणी झाली, त्यांत हा बदल सापडला नाही. सिमलीपालमध्ये मात्र साधारण तिघांत एक वाघ काळा निघाला.

याला निव्वळ योगायोग म्हणावे, तर तो लहान संख्येमुळे घडलेला योगायोग आहे. एखाद्या वाडीत दहा घरे आणि पाच आडनावे असली, तर काही पिढ्यांत दोनच आडनावे उरू शकतात. त्यात कोणाचा पराक्रम नसतो. कोणाला मुलगे झाले नाहीत, कोणी गाव सोडले, एवढेच. बाहेरून कोणी वस्तीला आले नाही, तर गेलेले आडनाव परतत नाही. जनुकांचेही तसेच. सिमलीपालचे वाघ मोजके आणि इतर वाघांपासून तुटलेले. त्यामुळे एक दुर्मीळ बदल तेथे सर्रास झाला. काळ्या रंगाने वाघाचे नुकसान होते, असे सिद्ध झालेले नाही. पण जो योगायोग रंगाचा बदल पसरवतो, तोच हृदयाचा किंवा प्रजननाचा दोषही पसरवू शकतो, आणि तो छायाचित्रात दिसत नाही.

अमेरिकेतील फ्लोरिडात हे घडून गेले आहे. तेथील पँथर तीसच्याही खाली आले, तेव्हा वाकड्या शेपट्या, हृदयदोष आणि नरांमध्ये वृषण खाली न उतरणे, असे विकार दिसू लागले. १९९५मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या. पुढच्या पिढ्यांत हे दोष कमी झाले आणि संख्या कित्येक पटींनी वाढली.

हे तपासतात कसे?

वाघाला हातही लावावा लागत नाही. विष्ठेवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी चिकटलेल्या असतात. गळलेला केसही चालतो. त्यातील डीएनएवरून प्राणी कोणता, नर की मादी, नेमका कोणता वाघ आणि कोणाचा नातलग, हे कळते. मध्य भारतातील सातपुडा, मेळघाट, पेंच आणि कान्हा येथील वाघांचा असाच अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. जंगलाचे पट्टे शाबूत असलेल्या ठिकाणी वाघांच्या जनुकांची देवाणघेवाण टिकून होती, असे त्यातून दिसले. नकाशावरची हिरवी रेघ खरोखर वापरात आहे का, याचा एवढा थेट पुरावा दुसरा नाही.

मग वाघ गाडीत घालून नेले की झाले?

इथेच सावध राहायला हवे. झीनत सिमलीपालमध्ये थांबली नाही. ती झारखंडमार्गे पश्चिम बंगालमध्ये गेली. डिसेंबर २०२४च्या अखेरीस बांकुरा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून परत आणावे लागले. टिपेश्वरचा ‘वॉकर’ हा नर तर २०१९मध्ये कोणी न नेताच शेकडो किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तिथे त्याला मादी मिळाली नाही. वाघ पोहोचला, त्याचे जनुक पोहोचले नाहीत. शास्त्रज्ञांचा जुना ठोकताळा सांगतो की, पिढीमागे किमान एक बाहेरचा प्राणी येऊन त्याची पिल्ले जगायला हवीत. हे काम दर पिढीला बंदूक, पिंजरा आणि गाडीने करायचे की जंगलाचा पट्टा राखून फुकटात होऊ द्यायचे? पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४वर वन्यप्राण्यांसाठी खालून वाटा ठेवल्या, तेव्हा खर्चाची ओरड झाली होती. आज त्या वाटांनी वाघ जातात, याची कॅमेऱ्यांनी नोंद केली आहे.

सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ आणण्यास केंद्राने २०२५मध्ये मान्यता दिली. तेथे माद्यांची गरज खरीच आहे, म्हणून या निर्णयाला विरोध करण्याचे कारण नाही. पण जनुकीयदृष्ट्या मध्य भारतातील आणि दक्षिणेतील वाघ वेगळ्या गटांत मोडतात, आणि सह्याद्रीचा नैसर्गिक दुवा दक्षिणेकडे, तिलारी-गोव्यावरून कर्नाटकातील काळी प्रकल्पाशी आहे. त्या वाटेवर खाणी, रस्ते आणि रबराच्या बागा वाढत असताना विदर्भातून वाघ आणणे म्हणजे एका हाताने देणे आणि दुसऱ्याने काढून घेणे.

२०२२च्या गणनेत देशात ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज जाहीर झाला. आकडा वाढला की अभिनंदनाचे फलक लागतात. त्या आकड्याशेजारी प्रत्येक प्रकल्पातील वाघ किती जवळचे नातलग आहेत, याचाही रकाना छापला पाहिजे. आणि दोन जंगलांमधल्या पट्ट्यातून रस्ता, कालवा किंवा खाण काढण्याचा प्रस्ताव येईल, तेव्हा मंजुरीच्या फायलीत तो रकाना सर्वात वर असला पाहिजे.