भिंती विकल्या, सांभाळाचं काय?

ज्येष्ठांच्या संकुलात राहायला जाणाऱ्या माणसावर पहिला दगड भिरकावतात ते नातेवाईक. ‘पोरांनी टाकलं हो बिचाऱ्यांना’, असं लग्नाच्या पंगतीत बोलून मोकळे होतात. हेच लोक त्या ‘बिचाऱ्यां’कडे वर्षातून एकदा फराळाचा डबा घेऊन उगवतात आणि चहा संपायच्या आत निघायची घाई करतात. त्यांच्या मताला मी काडीची किंमत देत नाही. हे पाश्चात्त्यांचं फॅड आहे, असंही मला कोणी ऐकवू नये. पुण्याच्या नव्या पेठेतली ‘निवारा’ ही संस्था दीडशेहून अधिक वर्षं वृद्धांना आसरा देते आहे. ज्या एकत्र कुटुंबाचे गोडवे आपण गातो, ते घरोघरी नांदत होतं तेव्हाही म्हातारी माणसं निराधार होत होती, म्हणून ही संस्था काढावी लागली.

तेव्हा संकुलांच्या बाजूचं आधी स्वच्छ सांगते. माझी मावशी काका गेल्यावर सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. इमारतीला लिफ्ट नाही, गुडघे कामातून गेलेले, एकुलता एक मुलगा अमेरिकेत. बँकेत जायचं तर आधार द्यायला कोणाला तरी विनवायचं. मग ती जाईनाशीच झाली. आपल्या शहरांतली हजारो म्हातारी माणसं अशी स्वतःच्या घरात कैदेत आहेत आणि त्याला आपण ‘आपल्या माणसांत राहणं’ म्हणतो. मावशीने तो फ्लॅट विकला आणि पुण्याबाहेरच्या एका संकुलात घर घेतलं. तिथे लिफ्ट होती, उतार होते, न्हाणीघरात धरायला दांडे होते, वेळेवर गरम जेवण होतं. संध्याकाळी बाकावर गप्पा मारायला चार बायका होत्या, गुरुवारी भजन होतं. कोणाच्या पुढे पुढे करावं लागत नव्हतं. वर्षभरात तिचा आवाज बदलला, फोनवर ती हसायला लागली. हा फायदा खरा आहे. सुनेच्या कपाळावरच्या आठ्या बघत जगण्यापेक्षा तो शंभर पटींनी बरा आहे.

मग मावशी पडली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. दवाखान्यातून सोडायच्या आदल्या दिवशी संकुलाच्या व्यवस्थापकाचा मला फोन आला. “ताई, पेशंटला आता चोवीस तास बाई लागणार. ती तुम्ही बघा. नाहीतर त्यांना घरी घेऊन जा.”

घरी म्हणजे कुठे? आयुष्यभराची पुंजी ओतून घेतलेलं तिचं घर तिथेच होतं! मी करारनामा काढून ओळन् ओळ वाचला. त्यात फरशी कोणत्या कंपनीची, नळ कोणत्या कंपनीचे, क्लब हाऊस किती चौरस फुटांचं, हे सगळं होतं. माणूस अंथरुणाला खिळला तर काय, याबद्दल एवढंच होतं की हे संकुल स्वतंत्रपणे राहू शकणाऱ्या ज्येष्ठांसाठी आहे आणि इतर सेवा व्यवस्थापनाच्या सोयीनुसार, वेगळा आकार घेऊन दिल्या जातील.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. पासष्टीचा धडधाकट माणूस असं घर का घेतो? त्याला आज काही कमी नसतं. उद्या ऐंशीव्या वर्षी मला कोण उठवेल, कोण भरवेल, विसरायला लागलो तर कोण शोधेल, या भीतीपोटी तो पैसे मोजतो. बिल्डर त्या भीतीची पुरेपूर किंमत वसूल करतो. जाहिरातीत ‘निश्चिंत’, ‘कुटुंब’, ‘आपुलकी’ हे शब्द भरभरून वापरतो. ती भीती खरी ठरते त्या दिवशी मात्र तो नर्सिंग ब्युरोचा फोन नंबर हातात ठेवतो. ही सरळसरळ फसवणूक आहे, आणि कायदा तिला फसवणूक मानत नसेल तर कायदा अपुरा आहे.

अपुरा आहेच. केंद्राने २०१९ मध्ये निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती राज्यांना सल्ल्यापुरती. महारेराने २०२४ मध्ये पुढचं पाऊल टाकलं, ते स्तुत्यच आहे. व्हीलचेअर जाईल असं किमान ९०० मिलिमीटर रुंदीचं दार, उतार, लिफ्ट, घसरणार नाही अशी फरशी, न्हाणीघरात दांडे, हे त्यात आलं. पण हे सगळं बांधकाम आहे. त्या रुंद दारातून व्हीलचेअर ढकलायची कोणी, रात्री दोन वाजता घंटा वाजली तर किती मिनिटांत कोणी यायचं, किती रहिवाशांमागे किती प्रशिक्षित परिचारिका हव्यात, याला सक्तीचा नियम कुठे आहे? ताबा देऊन झाल्यावर या सेवा तपासायला कोणता अधिकारी येतो? मला तरी कधी दिसला नाही.

आता पैशांचं बोलू. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जास्तीत जास्त ३० लाख ठेवता येतात. ८.२ टक्के दराने त्याचं व्याज महिन्याला २०,५०० रुपये पडतं. एवढी शिल्लक असलेला माणूस आपल्याकडे सुखवस्तू समजला जातो. मावशीच्या दिवस-रात्रीच्या दोन बायकांचा पगारच त्याहून जास्त गेला. जेवण, औषधं, मेंटेनन्स वेगळं. मोठ्या सोसायटीत मेंटेनन्स महिना साडेसात हजारांच्या वर गेला की त्यावर १८ टक्के जीएसटी. दरवर्षी आकार वाढतो, व्याज मात्र वाढत नाही. बाहेर पडावं म्हटलं तर घर विकायलाही मोकळीक नसते, कारण अनेक करारांत नवा रहिवासी अमुक वयाच्या पुढचाच हवा अशी अट असते. गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव पडलेला. मुलांना वारशाने मिळालं तरी राहता येत नाही आणि रिकाम्या घराचा मेंटेनन्स भरत बसावा लागतो.

ज्यांच्याकडे तीस लाख सोडाच, तीस हजारही नाहीत, त्यांच्याबद्दल सरकारने बोलावं. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची तरतूद आहे. शब्द मात्र ‘करू शकेल’ असे मोघम, त्यामुळे जाब कोणाला विचारायचा? निराधार वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यात मावशीच्या बाईचे दोन दिवसही निघाले नसते.

परदेशातल्या मुलांनाही एक सांगायचं आहे. तुम्ही आईवडिलांना तिथे ठेवलंत याचा मला राग नाही. करार न वाचता ठेवलंत, याचा आहे. चार फोटो बघून, ऑनलाइन पैसे भरून कर्तव्य संपत नाही. आई पडली तर पुण्यातल्या भाचीने धावायचं, हे तुम्ही परस्पर गृहीत धरलेलं असतं.

माझा निकाल साधा आहे. चालत्याफिरत्या, पदरी पैसा असलेल्या, एकट्या माणसासाठी हे संकुल उत्तम. पण म्हातारपणाची सोय म्हणून, आज ते ज्या करारावर विकलं जातं त्या करारावर, ते घेऊ नये. टोकन देण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: अंथरुणाला खिळल्यावर किंवा स्मृतिभ्रंश झाल्यावर तिथेच राहू देणार का, शुश्रूषा कोण करणार आणि तिचा दर काय, आकार वर्षाला जास्तीत जास्त किती वाढणार, घर विकताना कोणत्या अटी आणि किती शुल्क. सध्याच्या रहिवाशांपैकी जो आजारी आहे, त्याला भेटून या. क्लब हाऊस नंतर बघा. ‘तोंडी सांगतो ना, काळजी करू नका’ असं विक्री प्रतिनिधी म्हणाला, तर चेकबुक पिशवीत घालून तिथून उठा.