यंदा शाळा राहणार ना?

दिवाळीची सुट्टी लागली, की खेड्यातल्या मास्तरांना दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एक, ‘गावी कधी निघणार?’ आणि दुसरा, ‘परत कधी येणार?’ अलीकडे त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे: ‘मास्तर, यंदा शाळा राहणार ना?’ पहिल्या दोहोंना उत्तर असते. तिसऱ्याला मास्तर पिशवी या हातातून त्या हातात घेतात, ‘राहील हो, न राहायला काय झालं?’ असे म्हणतात आणि एस. टी. आली का ते पाहू लागतात. हे काही उत्तर नव्हे, हे विचारणाऱ्यालाही कळते आणि देणाऱ्यालाही.

आमच्या नाशिक जिल्ह्याचे पश्चिम अंग, म्हणजे इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हे तालुके, डोंगराचे आणि पावसाचे. पाडे लहान, घरे विखुरलेली. तिथली जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे बहुधा एक-दोन खोल्या, पुढे पडवी आणि पटावर दहा-पंधरा मुले. मास्तर पहिलीला अक्षरे गिरवायला लावतात, दुसरीला पाढे लिहायला सांगतात आणि तेवढ्या अवधीत चौथीचा भागाकार उरकून घेतात. मधेच कुणाचे तरी धाकटे भावंड दारात येऊन बसते. त्याचे नाव पटावर नसते, पण शाळेवर त्याचाही हक्क असतोच.

अशा शाळा काही थोड्या नाहीत. २० पेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती शासनाने २०२२ साली मागवली, तेव्हा महाराष्ट्रात त्यांची संख्या १४,७८३ भरल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. मुले सुमारे १ लाख ८५ हजार. भागाकार करून पाहिला, तर शाळेमागे बारा-तेरा मुले येतात. मंत्रालयातून पाहिले, तर ही उधळपट्टी वाटणे स्वाभाविक आहे. पण भागाकारात एक गोष्ट येत नाही. ज्या मुलाची ती शाळा असते, त्याच्या दृष्टीने ती लहान नसते. गावात असते ती एकच शाळा, आणि ती पुरी शाळा असते.

त्यानंतर काय झाले पाहा. सप्टेंबर २०२३ मध्ये समूहशाळांचे प्रस्ताव मागवले गेले. आसपासच्या चार-पाच शाळा मिळून एक मोठी शाळा करावी, ही कल्पना. १५ मार्च २०२४ रोजी संचमान्यतेचे, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक द्यायचे याचे, नवे निकष आले. ५ सप्टेंबर २०२४ रोजी, मुहूर्त पाहा, शिक्षकदिनीच, लहान पटाच्या शाळांत एक शिक्षक कंत्राटी नेमण्याचा निर्णय निघाला. त्याच महिन्यात पटाची मर्यादा २० वरून १० वर आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो निर्णयच मागे घेण्यात आला. यांतला प्रत्येक कागद निघताना कुणाच्या तरी मनात चांगलाच हेतू असेल. पण पाड्यावरच्या मास्तरांनी या कागदांवरून काय समजायचे? आपण पुढच्या जूनमध्ये इथे असू, की ‘अतिरिक्त’ ठरून दुसरीकडे समायोजनाच्या रांगेत असू?

माझे म्हणणे एवढेच आहे, की शाळा आदेशाने बंद पडत नाही. आदेश येतो तो शेवटी, कुलूप लावायला. शाळा बंद पडते ती त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत, अफवेने. ‘ही शाळा जाणार’ असे एकदा गावात पसरले, की ज्याच्याकडे मोटारसायकल आहे तो आपला मुलगा मोठ्या गावच्या शाळेत घालतो. त्याचे पाहून दुसरा. पट १८ चा १३ होतो. मग अधिकारी म्हणतात, ‘बघा, पट घसरतोच आहे.’ अफवा अशी स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करते. मागे उरतात ती ज्यांना नेऊन सोडणारे कुणी नाही त्यांची मुले. त्यांतही मुली अधिक.

मास्तरांचेही तसेच. मी मराठी शिकवतो, म्हणून मला यातली एक गोष्ट विशेष जाणवते. सुरगाणा-पेठकडची कितीतरी मुले घरी कोकणा बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांना प्रथम भेटते ती शाळेत. मधला पूल बांधायचा तो मास्तरांनी, आणि त्यासाठी आधी त्यांना मुलांची बोली शिकावी लागते. हे काम दोन-चार महिन्यांचे नव्हे. ज्याला वर्षभरात उठून जायचे आहे, तो कशाला कोकणा शिकेल? तो पट सांभाळतो, माहिती भरतो, ऑनलाइन तक्ते पाठवतो. शिकवायला उरतो तो उरलेला वेळ. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, याचा आनंद मलाही झाला. पण अभिजात भाषेचे पहिले अक्षर जिथे गिरवले जाते, ती खोली उद्या उघडी असेल की नाही, हाही भाषेचाच प्रश्न आहे.

गावाला हे कळत नाही असे कुणी समजू नये. भाम धरणामुळे विस्थापित झालेल्या इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची शाळा बंद झाली, तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथली मुले शेळ्या बरोबर घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेच्या वाटेला लागली. घोषणा होती, ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या.’ शाळा नसेल तर पुढे काय, याचे इतके नेमके उत्तर कुठल्या अहवालात मी वाचलेले नाही.

आणि शाळा राहिली, मास्तर टिकले, तर काय होते? त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळीला जाऊन पाहावे. तिथे केशव गावित या शिक्षकांनी वर्षाचे ३६५ दिवस आणि दिवसाचे बारा तास चालणारी शाळा उभी केली. तिथली मुले दोन्ही हातांनी लिहितात, हे पाहायला लांबून लोक येतात. प्रत्येक मास्तराने गावित व्हावे, असा याचा अर्थ नाही. असामान्य माणसांच्या भरवशावर सामान्य व्यवस्था चालत नसते. पण असामान्य माणसालाही एके ठिकाणी पाय रोवायला वर्षे लागतात, एवढे तरी हिवाळी शिकवते.

दुसरी बाजू नाकारण्यात अर्थ नाही. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा कागदावरचे विद्यार्थी पुष्कळ सापडले होते. शिवाय तीन मुलांच्या शाळेत खो-खोचा डाव मांडता येत नाही, आणि सवंगड्यांवाचून बालपण अपुरेच राहते. जिथे रस्ता बारमाही आहे, गाडी खरोखर येते आणि आईबाप राजी आहेत, तिथे दोन शाळा एक झाल्या तर बिघडत नाही. मात्र शिक्षणहक्काच्या नियमांतले पाचवीपर्यंतचे एक किलोमीटर हे अंतर नकाशावर मोजू नये. श्रावणात, ओढ्याला पाणी असताना, सात वर्षांच्या मुलीच्या पावलांनी मोजावे.

तेव्हा मागणी मोठी नाही. ज्या शाळा ठेवायच्या, त्यांना पाच वर्षांचे लेखी अभय द्यावे: जे मूल या जूनमध्ये पहिलीत बसले, ते पाचवी होईपर्यंत ही शाळा आणि हे शिक्षक हलणार नाहीत. ज्या ठेवायच्या नसतील, त्यांना तसे आधी सांगावे, आणि गाडी दारात उभी राहिल्यावरच कुलूप लावावे. यात नवी इमारत नको, की नवी योजना नको. शासनाने एकदा बोलावे आणि बोललेले पाळावे, एवढेच.

मग सुट्टीला निघालेले मास्तर त्या तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर देतील. कदाचित परत येताना आंब्याचे एखादे कलमही घेऊन येतील. आंब्याला फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात. कलम लावावे, असे वाटण्याइतका भरवसा शाळेच्या अंगणात असला पाहिजे.