काचेमागचा थवा

‘आई दिवसभर एकटी असते; तिच्या खोलीत समुद्री माशांची टाकी ठेवली तर?’ ज्येष्ठांची काळजी घेणारी मंडळी असा प्रश्न विचारतात, तेव्हा माझे उत्तर होकारार्थी असते. मात्र एका अटीवर. मासे ज्येष्ठांचे, पाणी तरुणांचे.

मासे पाहण्याच्या उपयोगाला अभ्यासाचा काही आधार आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भोजनकक्षात मत्स्यालय ठेवल्यावर अल्झायमरचे रुग्ण अधिक जेवू लागल्याचे आणि त्यांचे वजन वाढल्याचे आढळले. अर्थात, मत्स्यालय हे औषध नव्हे. रक्तदाबाच्या गोळ्या चालूच ठेवाव्यात.

थव्याने राहणाऱ्या लहान समुद्री माशांपैकी हिरवा क्रोमिस नवख्यांना त्यातल्या त्यात सोपा. लक्षद्वीप, अंदमानच्या समुद्रात तो फांद्यांच्या प्रवाळांभोवती थव्याने वावरतो आणि धोका जाणवताच फांद्यांत शिरतो. सहा-सात माशांसाठी तीनशे लिटरच्या आसपासची टाकी असावी. बंदिस्त जागेत बलवान मासे दुबळ्यांना हुसकावतात आणि काही महिन्यांत थवा रोडावू शकतो. म्हणून सर्व मासे एकाच वेळी सोडावेत, लपण्यास कपारी ठेवाव्यात आणि थोडे थोडे अन्न दिवसातून दोन-तीनदा द्यावे. इतके करूनही एखादा मासा दगावू शकतो, याची कल्पना ज्येष्ठांना आधीच द्यावी. जोडीदार गमावलेल्या व्यक्तीला तो धक्का लहान नसतो. ‘मासाच तो’ म्हणून हसण्यावारी नेऊ नये.

आता पाण्याविषयी. मासे न सोडता नवी टाकी चार ते सहा आठवडे चालवावी. या काळात विषारी अमोनियाचे रूपांतर करणारे उपकारक जंतू वाढतात. चाचणीत अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याखेरीज मासे आणू नयेत. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मत्स्यालयासाठी मिळणारे समुद्री मीठ लागते. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून घटलेली पातळी मीठ न घातलेल्या आरओ पाण्यानेच भरावी. उन्हाळ्यात पाणी कमी पिणाऱ्या वृद्धांच्या रक्तातील सोडियम वाढते, त्यातलाच हा प्रकार.

पाणी बदलणे, बादल्या उचलणे, काच घासणे ही कामे ज्येष्ठांनी करू नयेत. ओल्या फरशीवर पाय घसरला तर खुब्याचे हाड मोडण्याचे भय असते. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. त्यामुळे टाकीत हात घालण्यापूर्वी उपकरणे बंद करावीत आणि जोडणीला गळती-प्रवाह तोडणारा स्विच असावा. टाकीच्या पाण्यात क्षयजंतूंच्या कुळातील एक जंतू असू शकतो. हातावरील जखमेतून तो शिरल्यास आठवड्यांनंतर न दुखणारी, न बरी होणारी गाठ येते. मधुमेही आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांनी पाण्यात हात घालूच नये. इतरांनी हातमोजे वापरावेत. अशी गाठ आल्यास ‘घरी मासे आहेत’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

मग ज्येष्ठांनी काय करावे? रोज सकाळी मासे मोजावेत. कोण थव्यापासून दूर राहतो, कोण अन्नाकडे पाठ फिरवतो, कोणाचा श्वास जलद चालतो, हे वहीत टिपावे. माशाचे आजारपण बहुधा याच खुणांनी आधी कळते. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, ही जाणीव उतारवयात फार मोलाची असते.

ती वही संध्याकाळी कोणीतरी शेजारी बसून वाचली पाहिजे. घरातील कोणालाच तेवढी दहा मिनिटे देता येणार नसतील, तर टाकी न आणलेली बरी. आईच्या एकटेपणात माशांच्या काळजीची भर तेवढी पडेल.