विजेटवरचा आळ

फोनची बॅटरी दुपारीच मान टाकते, अशी तक्रार कुणी केली की घरोघरच्या मोबाइलतज्ज्ञाचं उत्तर तयार असतं: होमस्क्रीनवरची विजेट काढून टाका. त्याच्या मते विजेट म्हणजे चोवीस तास चालू असलेलं ॲप. ते सतत नेट ओढतं, पडदा जाळतं, बॅटरी पितं. घड्याळ, कॅलेंडर, हवामान, सगळी एकाच माळेचे मणी. ती काढली की फोन म्हणे दुप्पट चालतो! मोजून पाहण्याच्या भानगडीत हे गृहस्थ पडत नाहीत.

यातलं ‘चोवीस तास चालू’ हेच मुळात चूक. अँड्रॉइडवर ॲप जागं होतं, नवा मजकूर होमस्क्रीन सांभाळणाऱ्या लाँचरच्या हवाली करतं आणि पुन्हा झोपी जातं. त्यानंतर दिसत राहतं ते नुसतं चित्र. विजेट ठरावीक वेळानं ताजं करण्याची जी तयार सोय अँड्रॉइडमध्ये आहे, तिची किमान मर्यादा 30 मिनिटं. ॲप लिहिणाऱ्यानं तिथे पाच मिनिटं घातली, तरी यंत्रणा दाद देत नाही. 2015 साली अँड्रॉइड 6 बरोबर ‘डोझ’ आलं. तेव्हापासून फोन टेबलावर निपचित पडला की ॲपांची बरीचशी मागची कामं लांबणीवर पडतात आणि मधूनमधून एकगठ्ठा उरकली जातात. आयफोन तर याहून कंजूष. 2020 मध्ये आयओएस 14 ने होमस्क्रीनवर विजेट आणली, पण तिथे ॲप पुढच्या वेळांची दृश्यं आधीच देऊन ठेवतं आणि यंत्रणा त्या त्या वेळी ती बदलते. वारंवार पाहिल्या जाणाऱ्या विजेटलाही ताजं होण्याचा कोटा साधारणपणे दिवसाला 40 ते 70 वेळांचा. याला ‘सतत’ म्हणायचं, तर दिवसाला दोन पेपर घेणाराही सतत वाचतच असतो.

पडदा जळण्याचं म्हणाल, तर तो विजेट नसतानाही पेटलेलाच असतो.

ही मोबाइलतज्ज्ञांची जमात जुनीच. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या काळात हिनेच ‘टास्क किलर’, म्हणजे मागे चालणारी ॲप मारणारी ॲप, टाकायला लावली होती. मारलेली ॲप पुन्हा पहिल्यापासून उठायची, त्यात बॅटरी जास्तच जायची, आणि खापर फुटायचं फोनवर.

सगळीच विजेट निर्दोष आहेत, असं मात्र नव्हे. काही ॲप ती 30 मिनिटांची मर्यादा आडवाटेनं चुकवतात. हवामानाच्या ॲपला लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ दिलेली असेल, तर ते तुमचा ठावठिकाणा काढत राहणार. पण तो दोष त्या ॲपचा आणि त्या परवानगीचा. विजेट काढलं तरी ॲप फोनमध्ये आणि परवानगी खिशात! भर उन्हात पूर्ण उजेडावर ठेवलेला पडदा आणि घाटात रेंज शोधत बसलेला फोन यांच्यापुढे घड्याळाचं विजेट किस झाड की पत्ती.

शिवाय विजेट कामाचं असतं. पुढची मीटिंग किती वाजता, हे नजर टाकताच कळलं तर कॅलेंडर उघडावं लागत नाही. आणि ते उघडायला जाऊन माणूस तासभर रील्स पाहतही बसत नाही.

तेव्हा विजेटवर कुऱ्हाड चालवण्याआधी सेटिंग्जमधलं बॅटरीचं पान उघडा. तिथे ॲपवार हिशेब मिळतो. हवामानाचं ॲप वर दिसलं, तर त्याचं लोकेशन बंद करून शहराचं नाव हातानं भरा. घड्याळ आणि कॅलेंडर आहे तिथे राहू द्या.