गरिबाचे पाप उघड, चर्चचे खाते गुप्त



अमेरिकेत कुठे मोठे वादळ किंवा भूकंप झाला की दोन-चार दिवसांत एखादे धर्मगुरू टीव्हीवर येऊन सांगतात की हा देवाने केलेला न्याय आहे. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला. ढिगाऱ्याखालून माणसे काढणे चालू होते, आणि पॅट रॉबर्टसन आपल्या कार्यक्रमात सांगत होते की या लोकांच्या पूर्वजांनी फ्रेंचांपासून सुटका व्हावी म्हणून सैतानाशी करार केला होता! २००५ च्या कतरिना वादळाबद्दल टेक्सासच्या जॉन हेगी यांचे निदान (२००६, रेडिओवर) असे, की न्यू ऑर्लिन्समध्ये समलिंगींची मिरवणूक निघणार होती म्हणून शहराला शिक्षा झाली. पुढे २००८ मध्ये त्यांनी यातून अंग काढून घेतले. असो.

माझा पेशा संशोधनाचा, त्यामुळे कुणी गृहीतक मांडले की ते तपासून बघायची खोड. शिक्षा पापाला होती तर पाणी कुठे शिरले? बोर्बन स्ट्रीटचा, म्हणजे दारू आणि नाचगाण्याचा भाग उंचावर आहे. तो जवळजवळ कोरडा राहिला. बुडाला तो लोअर नाइन्थ वॉर्ड, जिथे गरीब, कष्टकरी, बहुतेक कृष्णवर्णीय आणि चर्चला नेमाने जाणारी माणसे राहत होती. तो बुडाला कारण कालव्याची पूरभिंत फुटली. संरक्षक बंधाऱ्यांच्या व्यवस्थेतच दोष होते हे त्या बांधणाऱ्या लष्करी इंजिनिअर खात्याने २००६ च्या अहवालात कबूल केले. देवाचा नेम इतका चुकतो का?

हा रोग फक्त त्यांचाच आहे असे समजून गालात हसू नका. १९३४ च्या बिहार भूकंपाला खुद्द गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले होते आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला होता. गांधीजींनी निदान बोट सवर्णांकडे दाखवले. आपल्या घरांत "ज्याचे त्याचे पूर्वजन्मीचे कर्म" म्हणताना बोट कुणाकडे असते?

या न्यायनिवाड्याची एक गोडबोली आवृत्तीही आहे. श्रद्धा असेल तर देव पैसा देतो, म्हणजे पैसा नसेल तर श्रद्धा कमी. उपाय काय, तर आमच्या संस्थेला देणगीचे 'बी' पेरा, पीक देव देईल. हे बी पेरणारे बहुतेक कर्जात बुडालेले, आजारी, एकटे लोक. पीक कुठे उगवते? २०१५ मध्ये क्रेफ्लो डॉलर (हे खरेच त्यांचे आडनाव) यांनी भक्तांकडे साडेसहा कोटी डॉलरच्या विमानासाठी पैसे मागितले होते. २००७ मध्ये सिनेटर चक ग्रासली यांनी अशा सहा बड्या संस्थांकडे हिशेब मागितला, तेव्हा सहांपैकी दोघांनीच पूर्ण माहिती दिली. २०११ मध्ये चौकशी संपली. दंड कुणालाच नाही.

पण टीव्हीवरच्या या भडक मंडळींपेक्षा मला एका शांत, शिस्तशीर चर्चचे उदाहरण जास्त महत्त्वाचे वाटते. ते म्हणजे युटाचे मॉर्मन चर्च. तिथे प्रत्येक सभासदाने उत्पन्नाचा दहावा भाग द्यायचा. वर्षाअखेरीस स्थानिक बिशपसमोर बसून पूर्ण दशांश दिला की नाही ते सांगायचे. दिला नसेल तर मंदिरात प्रवेशाचे पत्र मिळत नाही. सफाई कामगाराला हा नियम आणि सर्जनलाही हाच. याउलट चर्चने १९५९ नंतर अमेरिकेत आपल्या खर्चाचा तपशीलवार हिशेब प्रसिद्ध केलेला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये चर्चच्या गुंतवणूक कंपनीतल्या एका माजी कर्मचाऱ्याची तक्रार बाहेर आली, तेव्हा लोकांना कळले की तिथे सुमारे १०० अब्ज डॉलर साठले आहेत. एवढे लपवले कशाला? कंपनीच्या प्रमुखांनीच २०२० मध्ये एका वर्तमानपत्राला सांगितले, की आकडा कळला तर आता देणगीची गरज नाही असे लोकांना वाटेल अशी चिंता होती. २०२३ मध्ये शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने १३ नामधारी कंपन्यांआड गुंतवणूक दडवल्याबद्दल ५० लाख डॉलर दंड केला. १०० अब्जांपुढे ५० लाख किती होतात याचा भागाकार इंजिनिअर मंडळींनी मनातल्या मनात करावा.

चर्च गरिबांसाठी काहीच करत नाही का? करते. २०२३ मध्ये १ अब्ज डॉलरहून जास्त मदतकार्य केल्याचे ते सांगते आणि ते खोटे मानायचे मला कारण नाही. तळघरात रोज सूप वाढणारी, छतही गळणारी हजारो छोटी चर्चेही या देशात आहेत. माझे भांडण त्यांच्याशी नाही.

"पैसा भक्तांचा, त्यांनी राजीखुशीने दिला, तुझ्या पोटात का दुखते?" हा प्रश्न मला आपल्याच लोकांनी अनेकदा विचारला आहे. दुखते, कारण तो पैसा करमुक्त आहे. देणाऱ्याला करात सवलत आणि घेणाऱ्याला प्राप्तिकर माफ. त्या खजिन्यात जो कर आला नाही तो तुम्ही, मी आणि विक्रीकर भरणारी ती लोअर नाइन्थ वॉर्डातली बाई मिळून भरतो. सरकारी अनुदानातून मी प्रयोगशाळेसाठी साधे पिपेट घेतले तरी पावती जपावी लागते. गणपती आणि वर्षातून एक नाटक करणाऱ्या छोट्याशा मराठी मंडळालाही २००८ पासून दरवर्षी कर खात्याला निदान ई-पोस्टकार्ड पाठवावे लागते. तीन वर्षे विसरले तर करमाफी जाते. पण 'चर्च' या शब्दाखाली बसणाऱ्या संस्थेला १९६९ च्या कायद्याने वार्षिक विवरणपत्रच माफ आहे. शिवाय १९८४ पासून अशा संस्थेची चौकशी सुरू करायलासुद्धा वरच्या अधिकाऱ्याने लेखी कारण नोंदवावे लागते.

हे धर्मस्वातंत्र्यासाठी अटळ आहे म्हणावे, तर ब्रिटनमध्ये हेच मॉर्मन चर्च हिशेब सादर करते, कारण तिथला कायदा मागतो. त्यामुळे तिथे कुणाची प्रार्थना थांबली नाही. आपल्या महाराष्ट्रात तर १९५० पासून सार्वजनिक विश्वस्त कायदा आहे. देवस्थानाने नोंदणी करायची, हिशेब तपासून घ्यायचे, धर्मादाय आयुक्तांना सादर करायचे. म्हणून शिर्डी-पंढरपुरात सारे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही, पण भानगड झाली तर कुठे बोट ठेवायचे ते तरी कळते. आणि तिथलेच गाडगेबाबा. लोकांच्या वर्गणीतून धर्मशाळा बांधल्या आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. स्वतःजवळ एक गाडगे आणि खराटा.

आता जरा अवघड भाग. अमेरिकन कायद्याच्या भाषेत आपली देवळेही 'चर्च'च आहेत. तीच करमाफी आणि विवरणपत्राची तीच सूट. दक्षिणेतून मागवलेल्या मूर्ती, संगमरवर, पार्किंगसाठी घेतलेली शेजारची जागा, याचे आवाहन आपल्याला दर दिवाळीला येते. त्याच गावातल्या फूड बँकेला देवळाने गेल्या वर्षी किती दिले, पुजारी आणि स्वयंपाकघरातल्या माणसांना पगार व आरोग्यविमा किती, बँकेत शिल्लक किती, हे त्या पत्रकात तुम्ही कधी वाचले आहे का? काही देवळे सक्ती नसतानाही फॉर्म ९९० भरतात आणि तो इंटरनेटवर कुणालाही वाचता येतो. आपल्या गावचे देऊळ त्यांत आहे का ते बघा, आणि नसेल तर पुढचा चेक लिहिण्याआधी वार्षिक सभेत हा विषय लेखी द्या. लेखी अशासाठी, की तोंडी विचारले तर प्रसाद घेऊन जा म्हणतात.