जळालेली मोटर आणि खरा हिशेब

कारखान्यातील मोटर जळाली की ती रिवाइंडिंगला धाडावी की नवी घ्यावी, याचा निर्णय आपल्याकडे बहुधा त्या दिवशीच्या खर्चाकडे पाहून घेतला जातो, ही पद्धत मला सर्वथैव घातक वाटते. कारण अहोरात्र चालणाऱ्या मोटरीची खरेदी-किंमत तिच्या आयुष्यभराच्या वीजबिलापुढे क्षुल्लक असते. १० अश्वशक्तीची जुनी मोटर ८६ टक्के कार्यक्षमतेची असेल आणि तिच्या जागी ९०.४ टक्क्यांची आयई-३ श्रेणीची बसवली, तर पूर्ण भारावर वर्षाकाठी ६,००० तास चालताना सुमारे २,५०० युनिट वीज वाचते, आणि ही बचत दरसाल पदरात पडत राहते.

तथापि दुरुस्ती सर्वत्र त्याज्य आहे, असे माझे प्रतिपादन नाही. केवळ बेअरिंग गेले असेल, किंवा मोटर मोठी व खास बनावटीची असून नवी मिळण्यास महिने लागणार असतील, तर दुरुस्तीच श्रेयस्कर. मात्र जुने वाइंडिंग काढण्यासाठी स्टेटरवर उघडी ज्योत धरली, तर पत्र्यांमधील विद्युत्‌रोधक थर करपतो, आणि मोटर फिरू लागली तरी अधिक तापते व वीज जास्त खाते. म्हणून नियंत्रित तापमानाची भट्टी, तारेची मूळ जाडी आणि वेढ्यांची मूळ संख्या यांचा आग्रह मालकाने धरावा.

प्रत्येक मोटरीची क्षमता, चालण्याचे तास व पूर्वीच्या दुरुस्त्या कारखान्याच्या दप्तरी आधीच नोंदवून ठेवाव्यात, आणि एक फेज गेल्याने की अतिभाराने ती जळाली याचा तपास झाल्याखेरीज जुनी वा नवी कोणतीही मोटर जोडू नये.