घरगड्याचा वाटा

२०२४ च्या १५ ऑगस्टची संध्याकाळ. सकाळी झेंडावंदन झालेलं, दुपारी बचतगटाची बैठक आटोपलेली आणि मी मेथी निवडत बसलेली. लेक मोबाइलवर ‘टूर द फ्रान्स’ची बायकांची सायकल शर्यत बघत होती. एकदम ओरडली, "आई, पिवळी जर्सी पडली!"

मला आधी काहीच कळेना. मग तिनं समजावलं. ही शर्यत आठ टप्प्यांची. सगळ्या टप्प्यांचा वेळ मिळून जी पुढे असते, तिला पिवळी जर्सी घालायचा मान. तो त्या दिवशी नेदरलँड्सच्या डेमी फोलरिंगकडे होता. पाचवा टप्पा, बेल्जियममधून फ्रान्समध्ये, दीडशे किलोमीटरच्या वर. शेवट जेमतेम सहा किलोमीटरवर आलेला आणि एकीवर एक मुली कोसळल्या. डेमी रस्त्यावर बसून होती. उठली, पुन्हा सायकलवर चढली आणि जर्सी गमावून पोचली. पहिल्या आलेल्या मुलीपेक्षा एक मिनिट सत्तेचाळीस सेकंद उशिरा.

आणि पहिली आली कोण? तिच्याच संघातली, हंगेरीची ब्लांका वाश!

"अगं, मग तिच्या संघातल्या बाकीच्या थांबल्या का नाहीत?" मी विचारलं. कारण तोवर मला या खेळाची गंमत कळली होती. सायकल शर्यत दिसते एकटीची, पण असते सगळ्यांची. पुढची वारा अंगावर घेते, म्हणून मागचीची ताकद वाचते. कुणी मागे गाडीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या आणते. प्रमुख बाई मागे पडली की सोबतिणी थांबतात, तिला ओढून पुन्हा घोळक्यात आणतात. अशा मदतनिसांना फ्रेंचमध्ये ‘दोमेस्तीक’ म्हणतात. म्हणजे घरगडी! शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुरुषांच्या शर्यतीत एकाला हिणवायला वापरलेला हा शब्द पुढे कामाचं नावच होऊन बसला.

त्या दिवशी डेमीच्या मदतीला पुरेसे हात नव्हते. पडल्याचा निरोप पुढे नीट पोचला नाही, असं कारण नंतर ऐकलं. तीन दिवसांनी, १८ ऑगस्टला, आल्प द्युएझचा एकवीस वळणांचा घाट दुखऱ्या अंगानं चढून डेमीनं शेवटचा टप्पा जिंकला. पण अख्खी शर्यत जिंकली पोलंडच्या कासिया निएविआदोमानं. फरक किती, तर चार सेकंदांचा. आठ टप्प्यांत चार सेकंद! कढईत मोहरी तडतडायलाही याहून जास्त वेळ लागतो.

मैत्रिणींनो, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की पुढे निघून गेलेल्या पोरी स्वार्थी. पण विचार करता करता मत बदललं. ब्लांकाचं काय चुकलं? तिचाही दिवस होता, तिचेही पाय होते. बाईनं दर वेळी थांबलंच पाहिजे, असं कुणी ठरवलं?

खरा मुद्दा थांबण्याच्या मोलाचा आहे. तिथल्या घरगड्याला कामाचा पगार असतो. वरच्या श्रेणीतल्या महिला संघांना २०२० पासून किमान पगार आणि बाळंतपणाची रजा द्यावी लागते. बक्षिसाची रक्कम जिंकणारी एकटी घरी नेत नाही, संघात वाटून घ्यायची प्रथा आहे. म्हणजे वारा अंगावर घेणारीचा वाटा धरलेला असतो.

आपल्याकडे? नवऱ्याचं दुकान, दिराचं शिक्षण, सासूचं आजारपण, पोरांच्या परीक्षा, सगळ्यांचा वारा अंगावर घेते ती घरातली बाई. आणि विचारलं तर उत्तर येतं, "मी काय, घरीच असते." सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावता यावं म्हणून आपल्या सरकारची लक्ष्मी मुक्ती योजना आहे. बैठकीत मी विचारते, कुणाकुणाचं नाव लागलंय? चाळीस बायकांत दोन-तीन हात वर होतात. बाकीच्या एकमेकींकडे बघून हसतात. त्या हसण्याचा मला फार त्रास होतो.

मी कुणाला घर सोडून शर्यतीला जा म्हणत नाही. आपण थांबतो ते प्रेमापोटी, आणि थांबूही. पण हिशेब मांडताना आपला वाटा धरा, असं घरात एकदा स्पष्ट सांगायला काय हरकत आहे? हार-तुरे नकोत, मदर्स डेचा केक नको. घराच्या कागदावर नाव हवं, बँकेत स्वतःचं खातं हवं.

त्या दिवशी मेथी निवडून झाल्यावर मी लेकीला म्हटलं, "भाकरी तू टाक आज." ती म्हणाली, "आणि दादा?"

खरंच की! दादाला हाक मारली. त्यानं भाकरीचे नकाशे केले, पण केले.